पॉश कुठून आला? एका आखूड शब्दाची कुळकथा शोधायची रीत

आमच्या घरच्या ग्रुपवर एक निरोप दरवर्षी न चुकता येतो. पाठवणारे मामा. उमेदीची वर्षं बोटीवर काढलेली, त्यामुळे समुद्राचा वास असलेली कुठलीही गोष्ट त्यांना आपलीच वाटते. निरोप असा : साहेबाच्या काळात विलायतेहून मुंबईला येणाऱ्या बोटींवर बडे लोक येताना डाव्या बाजूची खोली घेत आणि परत जाताना उजव्या बाजूची, कारण त्या बाजूंना ऊन कमी. डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. त्यांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं मारलेली असत, पी-ओ-एस-एच. त्यावरून श्रीमंती थाटाला ‘पॉश’ म्हणू लागले.

गोष्ट इतकी गोळीबंद आहे की मीही ती कितीतरी वर्षं चारचौघांत सांगितली आहे. पुढे एका भाषांतरात हा शब्द अडला, म्हणून मुळाशी गेलो, आणि गोष्ट हातात राहिली नाही. इंग्रजी बोलीतल्या कुठल्याही शब्दाचा असा माग काढता येतो. त्याला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. थोडी चिकाटी लागते आणि आवडती गोष्ट सोडून द्यायची तयारी लागते. मी ज्या क्रमाने गेलो तोच क्रम इथे देतो.

पहिली पायरी : आधी अर्थ सुटे करा

बहुतेक जण थेट ‘हा शब्द आला कुठून’ इथे उडी मारतात. त्याआधी शब्दाचे सगळे अर्थ, मेलेलेसुद्धा, कागदावर वेगवेगळे मांडा. उगम सांगणाऱ्या गोष्टीला त्यातला सर्वांत जुना अर्थ पेलता आला पाहिजे. आजचा अर्थ नव्हे.

‘पॉश’चे अर्थ मांडले तर यादी बरीच रंगीत निघते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या भुरट्या चोरांच्या बोलीत पॉश म्हणजे चिल्लर नाणं, अर्धी पेनी. मग नुसते पैसे. १८९० च्या सुमाराला छानछोकीत राहणारा माणूस, आपल्याकडचा ‘छेलछबीला’. १९१४ पासून विशेषण : ऐटदार, उंची. पुढे ब्रिटनमध्ये या विशेषणाला वर्गाचा वास लागला. आज तिथे एखाद्याला ‘पॉश’ म्हटलं तर तो श्रीमंत आहे एवढंच म्हणायचं नसतं. तो कोणत्या घराण्यातला, कोणत्या शाळेतला, तोंडातून स्वर कसे काढतो, हे सगळं त्यात येतं. कुणी ‘पॉश बोलतो’ म्हणजे उच्चवर्गीय धाटणीचे उच्चार करतो. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त.

मराठीने यातला एकच अर्थ उचलला. पॉश एरिया, पॉश फ्लॅट, पॉश हॉटेल. आपल्या पॉशमध्ये संगमरवर आहे, एसी आहे, खाली उभा वॉचमन आहे, पण घराणं नाही. काल लॉटरी लागलेला माणूससुद्धा मराठीत उद्या पॉश राहू शकतो. ब्रिटिशांच्या लेखी तो फार तर पैसेवाला.

दुसरी पायरी : तारखा लावा

आता प्रत्येक अर्थासमोर तो सर्वांत आधी छापात कधी दिसतो ते लिहायचं. यासाठी पहिलं साधन म्हणजे ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे असतात. त्याला वर्गणी पडते, पण मोठ्या ग्रंथालयांत आणि काही विद्यापीठांत तो उघडता येतो. बोलीतल्या शब्दांसाठी जोनाथन ग्रीन यांचा स्लँगचा कोश इंटरनेटवर फुकट आहे आणि तोही उताऱ्यांसकट. झटपट अंदाजाला ‘एटिमॉनलाइन’ हे शब्दांच्या व्युत्पत्तीचं संकेतस्थळ पुरतं. चोर-भामट्यांच्या शब्दांसाठी माझी आवडती जागा वेगळीच आहे : लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ या काळातल्या खटल्यांचे छापील वृत्तांत. तेही ऑनलाइन शोधता येतात. साक्षीदार न्यायाधीशांसमोर जसं बोलले तसं बरंच काही तिथे उतरलेलं आहे.

‘पॉश’च्या तारखा अशा लागतात : पैसे या अर्थी १८३०. छानछोकीचा माणूस या अर्थी १८९०, बारेर आणि लेलंड यांच्या स्लँगच्या कोशात. त्या नोंदीचं विशेष म्हणजे तिथे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेत, आधी पैसे (मुळात अर्ध्या पेनीचं नाणं), मग नटवा. विशेषण १९१४. आणि २५ सप्टेंबर १९१८ च्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकातलं एक व्यंगचित्र. नव्यानेच निघालेल्या हवाई दलातला तरुण अधिकारी आईला सांगतो की तिथे आमचा वेळ अगदी पॉश गेला. आई विचारते, पॉश म्हणजे काय रे? तो म्हणतो, तुला माहीत नाही? ‘स्विश’ला स्लँगमध्ये पॉश म्हणतात! ऐटबाज या अर्थाचा स्विश हाही तेव्हाचा टपोरी शब्दच. एका स्लँगचा अर्थ दुसऱ्या स्लँगने सांगण्यातली गंमत सोडा, आपल्या कामाचा मुद्दा निराळा आहे : १९१८ साली सुस्थितीतल्या इंग्रज आईला हा शब्द माहीत नसेल, असं वाचकांना सहज पटत होतं. बोटींच्या पहिल्या वर्गात तो पन्नास वर्षं खेळत असता तर तिनेच मुलाला समजावला असता.

या पायरीवर दोन खड्डे आहेत. पहिला, विशेषनामं. उमर खय्यामच्या रुबायांचा इंग्रजी अनुवाद करणारा एडवर्ड फिट्झजेरल्ड याचा एक कोळी मित्र होता, लोस्टॉफ्टचा जोसेफ फ्लेचर. त्याला सगळे ‘पॉश’च म्हणत. ग्रॉसस्मिथ बंधूंच्या १८९२ च्या विनोदी कादंबरीत मरे पॉश नावाचा एक तोऱ्यात राहणारा गृहस्थ येतो. कोळ्याचं टोपणनाव आपल्या उपयोगाचं नाही, कारण त्यातून अर्थ कळत नाही. कादंबरीतलं आडनाव मात्र बाजूला काढून ठेवण्यासारखं आहे. लेखकाने ते उगीच निवडलं असेल असं वाटत नाही. दुसरा खड्डा यंत्राचा. जुनी पुस्तकं स्कॅन करून शोधताना एखादं अक्षर पुसट असलं की ‘पुश’चा ‘पॉश’ होतो. म्हणून शब्द कोणत्या साली किती वेळा आला ते दाखवणाऱ्या नुसत्या आलेखावर विसंबू नका, पान उघडून डोळ्यांनी वाचा. त्यात आणखी गोम अशी की १९०३ साली पी. जी. वुडहाउस यांच्या शाळकरी गोष्टींच्या पुस्तकात एका भडक जाकिटाची तारीफ करताना खरोखरच ‘पुश’ हा शब्द आलाय. तो पॉशचा भाऊ, की मुद्रणदोष, की निराळाच शब्द, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.

तिसरी पायरी : गोष्ट उन्हात धरा

आता मामांची बोट. दंतकथा तपासताना ती खोटीच आहे असं धरून चालू नये. ती खरी असती तर आणखी काय काय सापडलं असतं, हे विचारावं.

आधी भूगोल. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. कालवा ओलांडून बोट तांबड्या समुद्रातून साधारण दक्षिण-आग्नेयेकडे निघते. डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. म्हणजे डाव्या खोल्यांना सकाळचं कोवळं ऊन आणि उजव्या खोल्यांना दुपारनंतरचं. पश्चिमेची खोली रात्री निजायच्या वेळेला कशी भट्टी होते, हे कुठल्याही चाळकऱ्याला सांगायला नको. इथवर मामा बरोबर. एडनहून मुंबईकडे वळल्यावर तोंड पूर्वेकडे, किंचित उत्तरेला. डावी बाजू उत्तरेची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, म्हणून डावीकडे सावली. पुन्हा मामा बरोबर.

पण शून्य सावलीचा दिवस आठवा. मुंबईत तो वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. एडन आणखी दक्षिणेला, त्यामुळे तिथे हा काळ आणखी लांब. ऐन उन्हाळ्यात येणाऱ्याने डावी खोली घेतली असती तर दुपारचं ऊन त्याच्याच बाजूला. शिवाय पंखे-एसी नसलेल्या बोटीवर उन्हाइतकाच वाऱ्याचा प्रश्न. नैर्ऋत्य मोसमी वारा मुंबईकडे येणाऱ्या बोटीला मागून आणि उजवीकडून गाठतो. वाऱ्याची बाजू उजवी, आडोशाची डावी.

तरी भूगोलाने गोष्ट साफ पाडली असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यापुरती ती शक्य आहे. मात्र शक्य असणं आणि घडलेलं असणं या दोन गोष्टींमध्ये अख्खा अरबी समुद्र आहे.

ती बुडते कागदांवर. ही वाहतूक मुख्यतः पी अँड ओ कंपनीची. तिच्या दप्तरात अशा शिक्क्याचा पत्ता नाही. काही आवृत्त्यांत तो जांभळ्या शाईत मारलेला असे म्हणे, पण तसं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. साहेब लोक पत्रं, रोजनिशा, आठवणी लिहिण्यात मुळीच कंजूष नव्हते. त्यांच्या हिंदुस्थानी इंग्रजीचा जाडजूड कोश, ‘हॉब्सन-जॉब्सन’, १८८६ साली निघाला. त्यात ‘टिफिन’ आहे, ‘पंखा’ आहे. या अर्थाचा पॉश नाही. आणि तिकिटाची ही गोष्ट पहिल्यांदा छापात येते ती १९३५ साली, लंडनच्या एका साहित्यविषयक साप्ताहिकाला आलेल्या पत्रात. कालवा उघडून ६६ वर्षं झाल्यावर. १९७१ साली जी. चौधरी-बेस्ट या अभ्यासकाने ‘मरिनर्स मिरर’ या नौकानयनाच्या इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकात या सगळ्याची झडती घेतली. ऑक्सफर्डचा कोशही या गोष्टीला आधार नाही असंच म्हणतो.

चौथी पायरी : आद्याक्षरं दिसली की खिसा सांभाळा

नियम सोपा आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा इंग्रजी शब्द कुणी आद्याक्षरांवरून फोडून दाखवला, तर तो जवळजवळ नेहमी नंतर रचलेला असतो. आद्याक्षरं जोडून उच्चारता येणारा शब्द बनवायची चाल रुळली ती विसाव्या शतकात, दोन महायुद्धांच्या आगेमागे, लष्करी खात्यांमुळे. ‘रडार’ हा त्यातला खरा. जुन्या काळातला ठळक अपवाद ‘ओके’. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरं म्हणून थट्टेत छापला गेला. अॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात हे पुराव्यानिशी दाखवलं. अपवादाला असा तारखेचा कागद लागतो.

गंमत म्हणजे आपल्याकडे खराखुरा आद्याक्षरी पॉश आहेच. पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीत ‘उद्या पॉशचं ट्रेनिंग आहे’ असं कुणी म्हणालं तर कुणी सूट शिवायला टाकत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा. ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’ची ही आद्याक्षरं. त्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालात आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती नेमावीच लागते. शंभर वर्षांनी कुणी दोन्ही पॉशची सांगड घालून नवी गोष्ट रचली तर नवल नको.

आद्याक्षरं नसली तरी दंतकथा दुसऱ्या वेषात येते. मुंबईचं ‘बॉम्बे’ हे पोर्तुगिजांच्या ‘बॉम बाहिया’वरून, म्हणजे ‘छान खाडी’वरून आलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. इथे तारखांच्या आधी व्याकरण तपासा. पोर्तुगीज भाषेत खाडी स्त्रीलिंगी आहे. तिला ‘बॉम’ लागत नाही, ‘बोआ’ लागतं. आपण ‘चांगला खाडी’ म्हणू का?

पाचवी पायरी : सारखे चेहरे, वेगळी घरं

ही पायरी आपल्यासाठी खास निसरडी, कारण ‘पोश’ आपल्या घरात आधीपासून आहे. फारसीत ‘पोश’ म्हणजे पांघरलेला, झाकणारा. त्यातून आपल्याकडे पोशाख आला, पलंगपोस आला, आणि पापोश, म्हणजे पाय झाकणारं ते. पापोशातला ‘पा’ फारसी, पण मराठी माणसाला त्यात आपला ‘पाय’ दिसला आणि त्याने बिनदिक्कत ‘पायपोस’ केला. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही म्हणतो तो हाच. लोकव्युत्पत्ती शब्दाची गोष्टच बदलते असं नाही, कधी कधी शब्दाचं रूपही बदलून टाकते, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

उर्दूतला ‘सफेदपोश’, पांढरे कपडे घालणारा, म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेला, प्रतिष्ठित. इंग्रजांनी हा ऐकला आणि त्यातला पोश नेला, असं मांडणारे आहेत. मलाही क्षणभर मोह झाला होता. अडचण अशी की त्यात ‘प्रतिष्ठित’ हा अर्थ ‘सफेद’मुळे येतो. नुसता ‘पोश’ उचलून कुणी ऐटदार कसा होईल? आणि मधला दुवा दाखवणारा एकही इंग्रजी उतारा नाही. लंडनमधली अर्ध्या पेनीची चिल्लर तर या मार्गाने मुळीच सुटत नाही. ‘पोशिंदा’ हा तिसराच, पोषणाच्या घरचा. त्याचा फारसी पोशाखाशी काही संबंध नाही.

अशा वेळी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दुसरी शोधता येते. शब्द फारसीतून आला की संस्कृतातून, याची खूण तिथे बहुतेक वेळा मिळते.

सहावी पायरी : उरलेल्या उमेदवाराला रस्ता विचारा

मग उरतं काय? रोमानी. युरोपातल्या रोमा लोकांची भाषा. हे लोक साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि त्यांची भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली आहे. इंग्लंडमधल्या रोमानीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. अर्धी पेनी म्हणजे ‘पॉश-होरी’. लंडनच्या फिरत्या विक्रेत्यांची, जत्रेकऱ्यांची आणि चोरांची बोली रोमानीतून शब्द घेतच होती. मित्र या अर्थाचा इंग्रजी ‘पॅल’ सतराव्या शतकाच्या अखेरीला याच वाटेने आला, आणि त्याच्या मुळाशी संस्कृतातला ‘भ्राता’ आहे. म्हणजे आपल्या ‘भाऊ’चा लांबचा भाऊ. रस्ता रहदारीचा होता हे यावरून कळतं.

आता साखळी जोडा : अर्धा, अर्धी पेनी, पैसे, पैसेवाला नटवा, ऐटदार. पहिले तीन दुवे घट्ट आहेत. चौथा १८९० च्या कोशातल्या त्या एकत्र नोंदीमुळे बराचसा टिकतो. नटव्यापासून विशेषणापर्यंतची उडी मात्र अंदाजाची, जरी ती मला पटते. आणि मागे गेलात तर रोमानीतला हा ‘अर्धा’ संस्कृत ‘पार्श्व’मधून येतो : बाजू, मग एक बाजू म्हणजे अर्धा भाग. राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात ‘पार्श्व’ काढून पाहा. त्याच मुळापासून मराठीत ‘पाशी’ आणि ‘पासून’ आलेत. साखळी खरी ठरली, तर ‘देवापाशी’मधला पाशी आणि लंडनच्या मेफेअर या उंची वस्तीतला पॉश एकाच आजीची नातवंडं!

सातवी पायरी : निकाल लिहायची शिस्त

हे ऐकून माझे हात शिवशिवले होते, ग्रुपवर टाकावं म्हणून. तिथेच थांबायचं असतं. दंतकथा खोडणारा बऱ्याचदा स्वतःची नवी दंतकथा सोडून जातो. मी वहीत तीन रकाने करतो : नक्की, बहुधा, नाही. ‘पॉश’पुरते ते असे भरले. नक्की : १८९० पर्यंत पैसे आणि नटवा हे दोन्ही अर्थ, १९१४ ला विशेषण. बहुधा : रोमानी मूळ. नाही : बोटीचं तिकीट. मामांना उत्तर लिहिताना ‘बहुधा’ हा शब्द मी ठळक केला होता. त्यांनी तेवढाच वाचला आणि लिहिलं, “म्हणजे तुझंही नक्की नाहीच की!”

वापरताना

शोधाचा उपयोग बोलण्यात झाला पाहिजे, म्हणून थोडं व्यवहाराचं. इंग्लंडमध्ये कुणाच्या घरी जाऊन ‘तुमचं घर किती पॉश आहे’ असं मराठी मनाने म्हणू नका. तुम्ही सोफ्याचं कौतुक करता आणि समोरचा तुम्ही त्याची जात काढलीत अशा चेहऱ्याने बघतो. अमेरिकेत तितका धोका नाही. तिथे हॉटेल-रेस्तराँच्या जाहिरातीत हा शब्द आरामात नांदतो. खानदानी उमराव स्वतःला पॉश म्हणत नाहीत. तो शब्द खालून वर बघणाऱ्याचा. फुटबॉलची गोष्ट निघाली आणि कुणी ‘द पॉश’ म्हणालं तर ते पीटरबरो युनायटेड, तिथे हे टोपणनाव अभिमानाने मिरवतात. २००२ साली क्लबने ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला घेतलं तेव्हा ‘पॉश स्पाइस’ म्हणून गाजलेल्या गायिका व्हिक्टोरिया बेकहॅम यांच्याकडून हरकत आली होती.

मराठीत आणताना अर्थ बघून शब्द बदला. वस्तीला ‘उच्चभ्रू’ चालतो, जरी तो इंग्रजीतल्या ‘हायब्रो’ची भुवई जशीच्या तशी उचलून केलेला आहे. कपड्यांना ‘झकपक’ किंवा ‘ऐटबाज’. उच्चारांसाठी मी ‘बड्या घरचं इंग्रजी’ लिहितो. आणि टोमणा असेल तिथे आपल्या बोलण्यातला ‘शिष्ट’ अगदी चपखल बसतो : “फार शिष्ट आहे हं ती.”

हात बसवायला एक सोपा शब्द घ्या : ‘न्यूज’. आम्हाला सातवीत सांगितलं होतं की नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारही दिशांची खबर ती न्यूज. पहिल्या पायरीपासून सुरू करा. चौथीवर पोचलात की शेजारच्या फ्रेंचमध्ये बातम्यांना ‘नुव्हेल’ का म्हणतात, ते बघा.